कुपवाडची हवा आणि तिच्यातलं पाणी

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या शेडच्या मागच्या भिंतीला कॉम्प्रेसर धडधडत असतो. विजेचं बिल आलं की मालकाची नजर त्याच्याकडे वळते. त्याच्या पुढच्या फिल्टरची आठवण होते ती मशीनमध्ये पाणी शिरल्यावर. गेल्या तीन-चार दशकांत कॉम्प्रेसर बदलले, हवेची कामं बदलली; फिल्टर सांभाळायची सवय मात्र मागेच राहिली.

सांगली जिल्ह्याला यंत्रं नवी नाहीत. किर्लोस्करवाडी १९१० सालची. त्याच घराण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ मध्ये पुण्यात उभी राहिली. पिस्टनच्या कॉम्प्रेसरच्या त्या जमान्यात हवा लागायची फौंड्रीत चिपिंग करायला, साच्यातली वाळू उडवायला, जॉब झटकायला. हवेबरोबर थोडं तेल-पाणी आलं तरी कुणाचं अडत नसे. हत्याराला तेल लागायचंच, म्हणून फिल्टर-रेग्युलेटरच्या जोडीला ल्युब्रिकेटर बसवलेला असे. सकाळी टाकीखालचा कॉक उघडून पाणी सोडलं की देखभाल संपली.

हे पाणी हवेतलंच. ७ बार दाबाला साधारण आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली जाते. तेवढ्या जागेत सगळी वाफ मावत नाही आणि हवा थंड होताच तिचं पाणी होतं. पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर १०० सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाला तीनेक लिटर पाणी गाळतो. आठ तासांच्या पाळीत दोन बादल्या भरतील!

१९९१ नंतर चित्र पालटत गेलं. स्क्रू कॉम्प्रेसर आले, सीएनसी आल्या. योगायोग असा, की आयएसओ ८५७३-१ हे हवेच्या शुद्धतेचं मानकही १९९१ चंच. धूळ, पाणी आणि तेल यांचे वेगवेगळे वर्ग त्यानं ठरवले. २०१० च्या आवृत्तीत तेलाचा पहिला वर्ग म्हणजे घनमीटरला ०.०१ मिलिग्रॅम. सांगली भागात याची खरी परीक्षा बेदाणा आणि हळदीच्या प्रतवारीत लागते. कलर सॉर्टरमध्ये कॅमेऱ्यानं हेरलेला खराब दाणा हवेचा फटकारा बाजूला उडवतो. हवेत तेल असेल तर ते थेट मालावर बसतं, आणि पाणी असेल तर बारीक व्हॉल्व्ह चिकटतात.

इथे चालतो तो कोअलेसिंग फिल्टर. तो म्हणजे चाळणी नव्हे. काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या थरातून, म्हणजे एलिमेंटमधून, हवा आतून बाहेर जाते. जड थेंबांना वळता येत नाही, ते तंतूंवर आपटतात. त्याहून लहान थेंब जाता जाता चिकटतात. सगळ्यांत बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तेही अडकतात. पकडायला सर्वांत अवघड असतात ते मधल्या आकाराचे, ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे. अडकलेले थेंब एकत्र येऊन बाऊलमध्ये ओघळतात. वाफेपुढे मात्र या फिल्टरचं काही चालत नाही. तेलाच्या वाफेला सक्रिय कोळसा लागतो आणि पाण्याच्या वाफेला ड्रायर.

महागडा एलिमेंट घेतला जातो आणि घात करतो तो बाऊलमधलं पाणी आपोआप सोडणारा स्वस्त ऑटोड्रेन. गाळ आणि तेलानं तो चिकटला की बाऊल भरतो, पाणी एलिमेंटला भिडतं आणि हवेबरोबर पुढे सुटतं. मग कुणीतरी कॉक किंचित उघडा ठेवून देतो. पाणी जातं, पण त्याच वाटेनं विकतची वीजही रात्रंदिवस फुसफुसत जाते.

दुसरी खोड म्हणजे एलिमेंट रॉकेलनं धुऊन किंवा एअरगन मारून पुन्हा बसवणं. सक्शनचा कागदी फिल्टर हलक्या हवेनं झटकता येतो. काचेच्या तंतूंचा एलिमेंट अशानं फाटतो. फाटला की फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक कमी होतो आणि गेजचा काटा हिरव्यात दिसतो! म्हणून काटा काहीही सांगो, एलिमेंट वर्षाला बदलावाच. तुंबलेला चालवत राहणंही परवडत नाही: अर्धा बार दाब वाया गेला तर कॉम्प्रेसर सुमारे तीन ते चार टक्के जास्त वीज खातो.

मृग निघण्याआधी एवढं करा: प्रत्येक ऑटोड्रेनचं टेस्ट बटण दाबून पाहा. पाणी आलं नाही तर लाइन बंद करून, दाब पूर्ण सोडूनच बाऊल उघडा आणि ड्रेन साफ करा. नव्या एलिमेंटची ऑर्डर त्यानंतर द्या.