बिदुम, इरार, मोथो, नालो

२००९च्या ‘अवतार’ सिनेमासाठी पॉल फ्रॉमर यांनी नावी नावाची भाषा रचली. त्यांनी तिच्यात ‘आम्ही-आपण’ची सहा रूपं घातली: दोघांचं, तिघांचं, अनेकांचं आणि प्रत्येकात ऐकणारा धरून वेगळं, वगळून वेगळं. परग्रहावरची भाषा अशीच असणार, असं प्रेक्षकांना वाटलं.

अमरावतीकराला तसं वाटायचं कारण नव्हतं. परतवाड्याहून घाट चढून मेळघाटात शिरलं की कोरकू बोलणारा माणूस यातली चार रूपं रोज वापरतो. ‘आलंग’ म्हणजे तू आणि मी. ‘आलिञ’ म्हणजे मी आणि तिसराच कुणी, तू नाही. ‘आबुंग’ म्हणजे तुझ्यासकट सगळे, ‘आले’ म्हणजे तुला सोडून सगळे. आपल्या वऱ्हाडीतही यातली अर्धी सोय आहे. ‘आमी जेवतो’ म्हटलं तर पाहुण्यानं बसून राहावं, ‘आपुन जेवू’ म्हटलं तर हात धुवावे. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही.

फ्रॉमर भाषाशास्त्र शिकलेले, त्यांची कल्पना मोकाट नव्हती. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली तीस भाषा ताडून काही नियम मांडले. त्यांतला एक असा की तिघांसाठी वेगळं रूप असलेल्या भाषेत दोघांसाठीचं असतंच. नावी हा नियम पाळते. उलट सिनेमासाठीच क्लिंगॉन ही भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रँडनी मुद्दाम दुर्मीळ वळण घेतलं: आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. पण ब्राझीलमधली हिश्कार्याना भाषा तशीच बोलली जाते, म्हणजे क्लिंगॉनचं नवल पृथ्वीवर आधीच होतं.

खरं नवल मात्र अकोल्याच्या शेजारी आहे. बुलडाण्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलतात. बोलणारे दोन-अडीच हजार. कोरकू ऑस्ट्रोआशियाई कुळातली, म्हणजे संथाळीची बहीण आणि ख्मेरची दूरची नातलग. निहालीचं कूळच सापडत नाही. शब्द मात्र चहूकडून आलेले. मोजायला बसा: बिदुम, इरार, मोथो, नालो. पहिला शब्द कुठला ते कळत नाही, पुढचे तीन द्रविड वळणाचे, आणि पाचाला ‘पांचो’ म्हणत गाडी आपल्या रुळावर येते.

डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली निहालीवर पुस्तक लिहिलं. सुमारे चौथाई शब्दांचा मेळ त्यांना कशाशीच लागेना. तेव्हा ही एखाद्या टोळीची मुद्दाम केलेली गुप्त बोली तर नसेल, अशी शंका त्यांनी मांडली. मला ती पटत नाही. गुप्त बोली करणारा शब्द उलटापालटा करतो. पोरं ‘कमल’चं ‘चमलक’ करतात तसं. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरशी नातं सांगणाऱ्या महानुभावांनी पोथ्या झाकल्या त्या सकळ लिपीनं. तिथे अक्षरं बदलली, मराठी तीच राहिली.

हौशी भाषाकार आकडे ठरवायला बसला, तर एक ते दहा एकाच साच्यातून काढील. निहालीचे आकडे त्यानं कागदावर मांडले असते, तर मित्रांनीच ते खोडायला लावले असते.