होईल, होईल म्हणता म्हणता

जोहे गावात गणपती भाद्रपदात येत नाहीत, ते वर्षभर तिथेच असतात. हमरापूर स्टेशनवर उतरून गावाकडे निघालात की घराच्या ओट्यावर, पडवीत, माळ्यावर मूर्तींच्या रांगा दिसू लागतात. रमजानच्या दोन दिवस आधी एका ओळखीच्या कारखान्यात गेलो होतो. सगळ्या मूर्ती पांढऱ्याफेक. काही नुकत्याच साच्यातून निघालेल्या, काहींचे हात जोडायचे राहिलेले, काहींना पॉलिश पेपर मारणे चालू. रंग नाही, डोळे नाहीत.

"काका, डोळ्यांची आखणी कधी?" मी विचारले.

"सर, ती शेवटी. आज डोळ्यांचा विचार करत बसलो तर आजचं पॉलिश राहून जाईल."

काका सहज बोलून गेले, पण मला ते लागले. कारण माझ्या टेबलाच्या खणात एक कादंबरी अकरा वर्षे पडून आहे. खाडीकाठच्या एका मुस्लिम कुटुंबाची गोष्ट. मचव्यावर काम करणारा आजा, आखातात गेलेला बाप, कॉलेजात शिकणारी नात. पहिली ७० पाने एका उन्हाळी सुटीत झाली. मग पेपर तपासणी आली, कॉलेजातल्या समित्या आल्या, मुलीची दहावी आली. मचव्याच्या सगळ्या गोष्टी मला अब्बांनी सांगितल्या होत्या. ते अधूनमधून विचारायचे, "किताब कुठवर आली रे?" मी म्हणायचो, "होईल अब्बा." तीन वर्षांपूर्वी अब्बा गेले. कादंबरी ७० पानांवरच होती.

वेळ मिळाला नाही, असे मी सर्वांना सांगतो. ते पूर्ण खरे नाही. त्या अकरा वर्षांत मी पहिले प्रकरण चार वेळा नव्याने लिहिले. आठवे एकदाही लिहिले नाही.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. ती त्यांनी थोड्या दिवसांत झपाट्याने लिहिली, हे आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्या दुसऱ्या गोष्टीकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. 'झूल' १९७९ साली प्रसिद्ध झाली आणि त्यांची पुढची कादंबरी 'हिंदू' आली २०१० साली. मध्ये ३१ वर्षे. या काळात नोकऱ्या झाल्या, गावे बदलली, समीक्षा झाली, कविता झाल्या. वाचक विचारत राहिले, काहींनी आशाही सोडली असेल. पण मोहेंजोदडोच्या उत्खननापासून खानदेशातल्या घरापर्यंत पसरलेली ती सहाशे पानांची कादंबरी अखेर पुरी झाली. झपाट्याने लिहिणारा आणि तीन दशके धीर धरणारा लेखक एकच, हे मला महत्त्वाचे वाटते.

उर्दूत शम्सुर्रहमान फारुकी यांचे उदाहरण आहे. आयुष्यभर टपाल खात्यातली मोठी नोकरी, सोबत 'शबखून' हे मासिक चार दशके चालवले. ओळख समीक्षक म्हणून. 'कई चांद थे सरे आसमां' ही त्यांची भलीमोठी कादंबरी २००६ साली आली, तेव्हा ते सत्तरीत होते. पुढे त्यांनी ती स्वतःच इंग्रजीतही आणली. पंचेचाळिशीत "आता उशीर झाला" म्हणणाऱ्या माझ्यासारख्याने हे वाचून मान खाली घालावी.

आणि उलट बाजूही आहे. आपल्या कोकणातले हमीद दलवाई. त्यांची 'इंधन' १९६५ साली आली. कोकणातल्या मुस्लिम घराचे असे चित्र मराठीला नवे होते. दलवाई १९७७ साली गेले, वय अवघे ४४. प्रत्येकाला फारुकींसारखी सत्तरी मिळतेच असे नाही.

कादंबरीत अवघड असते ते मधले. सुरुवातीला उत्साह असतो, शेवटी ओढ असते. मध्ये दोन्ही नसतात. त्यात मागची पाने वाईट वाटू लागतात आणि आपण दुरुस्तीच्या नावाखाली मागे पळतो. यावर मला दोनच उपाय कळले आहेत. मागे वळायचे नाही, जे खटकते त्याची समासात खूण करून पुढे जायचे. आणि वेळ ठरलेली ठेवायची, मग ती अर्धाच तास का असेना.

रमजानमध्ये हे सोपे होते. तरावीहमध्ये रोज थोडे थोडे करत महिन्याभरात तीस पारे पुरे होतात. एका रात्रीत कोणी ते संपवायला जात नाही आणि एक रात्र चुकवतही नाही. थोडे असले तरी नेमाने केलेले काम अल्लाहला प्रिय, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मी ती नमाज-रोज्यापुरती ठेवली होती.

यंदा सहरी आणि फजर आटोपली की अर्धा तास खण उघडतो. घरात सगळे पुन्हा झोपलेले असतात, फोन वाजत नाही. रोज एक पान. काही पाने अगदी टाकाऊ आहेत. तीन दिवस एकही झाले नाही. तरी काल सतरावे रोजे होते आणि नवी पाने चौदा झाली. आठवे प्रकरण संपले.

ईदच्या नमाजनंतर नेहमीप्रमाणे कब्रस्तानात जाईन. दरवर्षी तिथे उभा राहून मनातल्या मनात "होईल" म्हणतो. यंदा पानांचा आकडा सांगेन.