मोरचूद-चुन्याच्या ड्रममध्ये दहावीचं रसायनशास्त्र. बोर्डो का बिघडतं, पानं का करपतात?

ढगाळ, दमट हवा सुरू झाली की द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत बोर्डो मिश्रणाची तयारी सुरू होते. एक टक्क्याचं प्रमाण सगळ्यांना पाठ आहे: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. तरीही कधी कधी पानं करपतात. अशा वेळी आधी चुना तपासावा. का, ते दहावीच्या विज्ञानातल्या रासायनिक अभिक्रियांच्या धड्यात आहे. घरात दहावीचं लेकरू असेल तर त्यालाही सोबत बसवा.

अभिक्रियांचे चार प्रकार

१) अपघटन, म्हणजे एकाचे दोन: भट्टीत चुनखडी तापवली की कळीचा चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो.

२) संयोग, म्हणजे दोनाचं एक: कळीचा चुना अधिक पाणी, झाला विरलेला चुना. उष्णता बाहेर पडते, पाणी खदखदतं. डोळे आणि हात सांभाळा.

३) दुहेरी विस्थापन, म्हणजे जोडीदारांची अदलाबदल: मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते विरलेल्या चुन्यात मिसळलं की कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट होतं. बुरशी रोखणारं तांबं या निळ्या साक्यात असतं.

४) विस्थापन, म्हणजे एकाने दुसऱ्याला हुसकावणं: तयार मिश्रणात घासलेला विळा बुडवा. त्यावर लालसर थर आला तर ते तांबं. लोखंडाने त्याची जागा घेतली. म्हणजे मोरचूद अजून मोकळं आहे आणि हेच पान जाळतं. चुन्याचं द्रावण वाढवा, पुन्हा विळा बुडवून बघा. याच कारणाने बोर्डोला लोखंडी भांडं चालत नाही.

समीकरणाचा ताळा

अभिक्रियेत अणू नवा होत नाही, नाहीसाही होत नाही. डावीकडे जितके, तितकेच उजवीकडे हवेत.

गोबरगॅसचं बघा. मिथेनमध्ये १ कार्बन, ४ हायड्रोजन. जळल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजन २च, म्हणून पाणी २ रेणू. आता उजवीकडे ऑक्सिजन २ आणि २ मिळून ४ झाले. हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत २ अणू, म्हणून डावीकडे ऑक्सिजनचे २ रेणू. जमला ताळा. आकडा नेहमी रेणूच्या पुढे लिहायचा, सूत्राच्या आतला बदलायचा नाही. आतला बदलला तर पदार्थच बदलतो.

मग किलोला किलो चुना का?

बोर्डोच्या समीकरणात मोरचुदाच्या एका रेणूला चुन्याचा एकच रेणू लागतो. पण मोरचुदाच्या खड्याचा रेणू साधारण २५० वजनाचा, कळीच्या चुन्याचा ५६ चा. हिशोबाने १ किलो मोरचुदाला सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध चुना पुरतो. बाकीचा चुना मोकळं मोरचूद राहू नये म्हणून जास्तीचा घालतात.

पण उघड्यावर पडलेला चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू परत चुनखडी होतो. तराजूवर किलो भरतो, ड्रममध्ये काम करत नाही. त्यामुळे पाणी टाकल्यावर जो चुना तापत नाही, तो बोर्डोसाठी घेऊ नका. आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी फवारून संपवा.