विश्लेषण : निजामकाळातला खापरपणजोबा कागदावर कसा शोधायचा?

मराठा आरक्षण आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील तहसील, भूमी अभिलेख कार्यालये व शाळांच्या कपाटांत पडून असलेली दप्तरे बाहेर निघाली. पहिल्या टप्प्यात पावणेदोन कोटींच्या आसपास नोंदी तपासल्या गेल्या; त्यातून ‘कुणबी’ म्हणून हाती लागल्या त्या साडेअकरा हजारांच्या घरात. ‘आमच्या आजोबाच्या आजोबाची नोंद निघेल का’ हा प्रश्न तेव्हापासून गावोगावी विचारला जातो आहे. मात्र नोंद निघाली तरी तो माणूस आपलाच पूर्वज आहे हे सिद्ध करणे हे निराळे काम आहे, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

मराठवाड्यातच नोंदी इतक्या तुटपुंज्या का?

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. त्याच निजामाचा असलेला वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात गेला. तिथे जन्म-मृत्यूच्या, कोतवाल बुकाच्या नोंदी जातीसह पडत राहिल्या. विदर्भात आज ढिगाने कागद मिळतात ते त्यामुळे. मराठवाड्यात शाळेत गेलेली माणसेच थोडी, त्यामुळे दाखल-खारीज रजिस्टरातही नावे थोडी. शिवाय अनेक गावे जहागिरीची किंवा निजामाच्या खासगी मालकीची, म्हणजे सर्फ-ए-खासची होती. १९४९ मध्ये या जहागिरी आणि सर्फ-ए-खास संपुष्टात आल्या, पण तोवरचे दप्तर सरकारी तहसिलात नव्हतेच. काही कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत.

जिल्ह्यांच्या हद्दीही बदलल्या. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके १९८१ पर्यंत तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. अंबडच्या माणसाने फक्त जालन्याला खेटे घातले, तर जुना कागद छत्रपती संभाजीनगरात पडून असल्याचे त्याला कळायचेही नाही.

नोंदीवरचे ‘फसली’ साल कसे वाचायचे?

संस्थानाचा महसुली कारभार फसली सनावर चाले. वर्ष साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई आणि महिन्यांची नावे इराणी पद्धतीची : अजूर, दै, बहमन, इस्फंदार वगैरे. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील नोंद असेल तर फसली सनात ५९० मिळवायचे, जानेवारी ते सप्टेंबरमधील असेल तर ५९१. ‘खुर्दाद १३२५’ म्हणजे १९१६ चा एप्रिल, त्याच वर्षाचा ‘अजूर’ मात्र १९१५ चा ऑक्टोबर. काही जुन्या कागदांवर हिजरी सन असतो. तो चांद्र असल्याने हा हिशेब तिथे चालत नाही. फसलीला हिजरी समजून भाषांतर केले की पूर्वजाचे वय आणि वारसाचा जन्म यांचा मेळ बसत नाही आणि खरी नोंदही संशयास्पद ठरते.

कागदावर नेमके काय लिहिलेले असते?

आडनाव बहुधा नसतेच. उर्दू कागदात ‘राणू वल्द भिवा’, मोडीत ‘राणू बिन भिवा’, म्हणजे भिवाचा मुलगा राणू, इतकेच. पुढे ‘कौम’ म्हणजे जातीचा रकाना. उर्दूत ‘ण’ला स्वतंत्र अक्षर नाही, घाईच्या शिकस्त लिखाणात नुक्तेही गाळलेले असतात. त्यामुळे ‘कुणबी’ हा शब्द वाचणे जाणकाराचेच काम. पैशांचे आकडे कित्येकदा सियाक या वेगळ्या अंकपद्धतीत असतात. मोडी आणि जुनी उर्दू वाचणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. या साऱ्या मोहिमेचा खरा अडसर हाच आहे, कागदांची उणीव त्यानंतरची.

एकाच गावात तीन ‘राणू वल्द भिवा’ असू शकतात. मग आपला कोणता? इथे जमीन उपयोगी पडते. माणसाचे नाव बदलते, आडनाव नंतर चिकटते, पण शेत जागेवरच असते. आजच्या सातबाऱ्यावरचा गट क्रमांक घ्यायचा, एकत्रीकरणापूर्वी त्याचा सर्व्हे क्रमांक कोणता होता ते भूमी अभिलेख कार्यालयातून काढायचे आणि त्यावरून पाहणी पत्रक, १९५० च्या दशकातले खासरा पत्रक आणि त्याआधीची सेतवार असे मागे मागे जायचे. मधल्या पिढ्या वारसाच्या फेरफारांनी जोडल्या जातात. बाप मेला की त्याची मुले कोण, हे फेरफाराने लिहून ठेवलेले असते. ज्याच्या घरात जमीन कधी नव्हतीच, त्याला ही शिडी नाही. आणि पणजीचे नाव या कुठल्याच कागदावर सहसा येत नाही. वंशावळ धरली जाते ती बापाकडचीच.

हैदराबाद गॅझेटमध्ये पूर्वजाचे नाव मिळते का?

नाही. याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे. गॅझेटियर आणि जनगणना अहवालांत जिल्ह्यात कोणत्या जातीचे किती लोक, एवढेच आहे. १९०१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख २१ हजार होती आणि त्यात कुणब्यांची संख्या सुमारे अडीच लाख दिली आहे. त्यावरून समाजाचे चित्र कळते, घराण्याचे नाही. अमेरिकेत पूर्वज शोधणाऱ्यांचीही हीच अडचण होते. तिथल्या १७९० ते १८४० च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे, बाकी घरातली माणसे नुसती आकड्यांत. प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव १८५० पासून लिहिले जाऊ लागले. त्याआधीचा पणजोबा तेही जमिनीच्या खतांत आणि मृत्युपत्रांतच शोधतात.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार घेत गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती नेमली. जमिनीचा कागद नसणाऱ्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी पूर्वज त्या भागात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र देण्याची सोय झाली. कुळातील ज्या नातेवाइकाकडे कुणबी प्रमाणपत्र आहे, त्याचे प्रतिज्ञापत्रही चौकशीत धरले जाते. ओबीसी संघटनांचा याला विरोध असून प्रकरण उच्च न्यायालयात गेले आहे.

भाटाच्या वहीचा उपयोग काय?

गावोगाव फिरणाऱ्या भाटांच्या वह्या, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या नामावळ्या यांत पिढ्यांची नावे असतात, कधी कधी सातबाऱ्यापेक्षाही मागची. ‘कोणाचा मुलगा कोण’ हे समजायला त्या उत्तम. पण जातीचा पुरावा म्हणून त्या एकट्या पुरत नाहीत. २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यानुसार पुराव्याची जबाबदारी अर्जदारावर आहे आणि स्वातंत्र्यपूर्व सरकारी कागदाला न्यायालये अधिक वजन देतात. वहीतली नावे आणि सरकारी नोंदीतली नावे एकमेकांशी जुळली, तर मात्र दोन्ही बळकट होतात.

नोंद शोधायला निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून आजोबा-पणजोबांची नावे, त्यांचे भाऊ, शेताचे स्थानिक नाव आणि मूळ गाव लिहून घ्यावे. तहसिलात अर्ज करताना ‘कुणबी नोंद आहे का’ असे मोघम न विचारता गाव, सर्व्हे क्रमांक आणि फसली साल देऊन नक्कल मागावी. उर्दू वा मोडी नकलेचे भाषांतर जाणकाराकडूनच करून घ्यावे आणि मूळ पानाची छायाप्रत सोबत ठेवावी. पडताळणी समिती मूळ कागद मागवतेच.