घर फिरायचं थांबलं, पण भीती थांबेना

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटे कूस बदलली आणि पंखा, भिंत, कपाट सगळंच गरगर फिरू लागलं. जेमतेम अर्धा मिनिट, पण आता संपलंच असं वाटलं. सून हुबळीची. ती धावत आली, "अत्ती, तलेसुत्तु बंतेनु?"

पुढचे दोन महिने कुणी पित्त म्हणालं, कुणी रक्तदाब, कुणी मानेचा मणका. एका डॉक्टरांनी तर 'मनाचे खेळ' म्हणून झोपेची गोळी दिली. घरातही 'उगीच करते' अशी नजर दिसू लागली.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी माझी मान एका बाजूला वळवून मला झटकन आडवं केलं. चक्कर आली, बुबुळं थरथरली आणि निदान झालं. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलताच मेंदूला खोटा निरोप जातो. अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांच्या पद्धतीने माझं डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत पाठवले. दुसऱ्या खेपेनंतर चक्कर गेली.

भीती मात्र गेली नाही. मी उशांना टेकून, बसूनच झोपायची. खडेबाजार बंद, लग्नकार्य बंद. वर्षाचा नातू हात पसरून यायचा आणि मी मागे सरायची. हातून पडला तर? सुनेला वाटलं, आपल्या बाळाचा यांना लळाच नाही. एका रात्री तिने विचारलंच. मला रडू आलं. "बाळाची नाही गं, मला माझीच भीती वाटते."

ती मला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, तोलाच्या यंत्रणेचा मेंदूतल्या भीतीच्या केंद्रांशी जवळचा संबंध असतो. घाबरलेला माणूस मान आखडून चालतो, हालचाल टाळतो. मग मेंदूची घडी पुन्हा बसत नाही आणि अस्थिरपणा वाढतो. चक्कर थांबल्यावरही रेंगाळणाऱ्या अशा अस्थिरतेची व्याख्या २०१७ साली तज्ज्ञांच्या बारानी सोसायटीने केली आहे. म्हणजे हे नाटक नव्हे, दुखणं आहे. त्यावर तोलाचे व्यायाम, समुपदेशन आणि गरज पडल्यास औषध हे उपचार आहेत.

मी रोज एका ठिपक्यावर नजर ठेवून मान हलवायची, मग सुनेचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत जायची. समुपदेशनालाही गेले. मैत्रिणींनो, त्यात लाज कसली? २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. चक्करेची गोळी मात्र सल्ल्याशिवाय महिनोन्महिने घेऊ नका. मेंदूचं सावरणं त्याने लांबतं. आणि चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळे पडले, तर तडक इस्पितळ गाठा.

पहिल्या दिवशी सुनेने मला जमिनीवर बसवलं, "हेदरब्याड्री अत्ती," म्हणत बाळ मांडीवर दिलं. उभं राहून त्याला कडेवर घ्यायला मला पुढे चार महिने लागले. आता तो चार वर्षांचा आहे. खडेबाजारात माझं बोट धरून तोच पुढे चालतो.