आर्टेमिया
कवचधारी संधिपाद प्राण्यांच्या ब्रँकिओपोडा गटातील एक लहान जलचर प्राणी. याच्या नवजात डिंभांचा उपयोग माशांच्या पिलांचे जिवंत खाद्य म्हणून केला जातो. मिठागरे व खारी सरोवरे हे त्याचे वसतिस्थान होय. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक हे सरोवर यासाठी प्रसिद्ध असून भारतात राजस्थानातील सांभर सरोवरात, तसेच मुंबई व तुतिकोरिन परिसरातील मिठागरांत तो आढळला आहे. प्रौढाची लांबी सु. १ सेंमी. असते. त्याला पायांच्या अकरा जोड्या असून तो पाठीवर पोहतो. लिनीअस यांनी १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले.

अनुकूल परिस्थितीत मादी पिलांना जन्म देते. प्रतिकूल परिस्थितीत मात्र ती कठीण कवचाच्या पुटी सोडते. पुटीतील भ्रूण कोरड्या स्थितीत अनेक वर्षे प्रसुप्त राहू शकतो. एका ग्रॅममध्ये साधारणपणे दोन ते तीन लाख पुटी असतात. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माशांच्या पिलांना चालेल असे खाद्य वर्षभर मिळणे कठीण असते व त्याअभावी पिले उपासमारीने मरतात. ही अडचण या पुटींमुळे दूर झाली. सील यांनी १९३३ मध्ये अमेरिकेत व रोलेफ्सेन यांनी १९३९ मध्ये नॉर्वेत या डिंभांचा खाद्य म्हणून उपयोग दाखवून दिला.

घरगुती उबवण : एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅ. आयोडीनविरहित मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवितात. बूड कापलेली बाटली उलटी टांगून तीत हे पाणी भरतात व सु. एक ग्रॅम पुटी टाकतात. पुटी तळाशी साचू नयेत म्हणून हवेची नळी तळापर्यंत सोडून हवा सतत खेळती ठेवतात. पहिले काही तास प्रकाश आवश्यक असतो. २६° ते २८° से. तापमानात सु. २४ तासांत डिंभ बाहेर पडतात. थंडीत अधिक वेळ लागतो.

नंतर हवा बंद करून पाणी १० मिनिटे स्थिर ठेवतात. रिकामी कवचे वर तरंगतात व न उबलेल्या पुटी तळाशी बसतात. डिंभ प्रकाशाकडे आकर्षित होत असल्याने बाजूने दिवा धरल्यास ते तेथे गोळा होतात. त्यांना नळीने काढून तलम कापडातून गाळतात व गोड्या पाण्याने धुतात. कवचे पिलांच्या पोटात गेल्यास त्यांच्या आतड्यात अडथळा निर्माण होतो. म्हणून ही वेगळवणूक काळजीपूर्वक करावी लागते.

नवजात डिंभ सु. ०·४ मिमी. लांबीचा असून काहीही न खाता पीतकावर जगतो. सु. आठ तासांनी तो कात टाकतो व पीतक संपत गेल्याने त्याचे पोषणमूल्य घटते. म्हणून तो ताजाच खाऊ घालणे श्रेयस्कर असते. गोड्या पाण्यात डिंभ काही तासच जगतात. न खाल्लेले डिंभ मरून पाणी दूषित करतात, त्यामुळे थोडे थोडे खाद्य अनेकदा देतात. गप्पी, मॉली व स्वोर्डटेल यांची पिले जन्मतःच हे डिंभ खातात; गुरामीसारख्या माशांच्या अतिसूक्ष्म पिलांना मात्र प्रथम काही दिवस सूक्ष्म आदिजीवांचे खाद्य द्यावे लागते. गटारांत वाढणाऱ्या ट्यूबिफेक्स कृमींबरोबर रोगजंतू येण्याची भीती असते. खाऱ्या पाण्यातील आर्टेमियाच्या बाबतीत ती बरीच कमी असते. पुटी कोरड्या, थंड जागी हवाबंद डब्यात ठेवल्यास त्यांची उबण्याची क्षमता टिकून राहते.