एक मिलिग्रॅम औषध, बाकी सगळी बाटली

मुलांच्या झोपेसाठी मेलाटोनिन पातळ स्वरूपात दिलं जातं, तेव्हा एका मिलिलिटरमध्ये ते बहुधा एक मिलिग्रॅम असतं. म्हणजे वजनात हजारातला साधारण एक भाग. उरलेल्यात पाणी, द्रावक, गोडी, वास आणि औषध टिकवणारी द्रव्यं. लेबलावर ती बारीक अक्षरांत छापलेली असतात आणि सहसा कुणी वाचत नाही. पण मूल जितकं लहान, तितकी या ‘बाकीच्या’ बाटलीची जबाबदारी मोठी.

आधी हे औषध कुणासाठी, ते पाहू. रात्री अकरापर्यंत हातात मोबाइल असल्यामुळे जागणाऱ्या मुलाला बाटलीची गरज नाही. त्याला ठरलेली वेळ आणि अंधारी खोली पुरते. प्रश्न असतो तो स्वमग्नता, एडीएचडी किंवा मेंदूच्या वाढीचे इतर विकार असलेल्या मुलांचा. त्यांच्यातली कित्येक मुलं अंथरुणावर तासन्‌तास जागी राहतात आणि त्यांच्याबरोबर सगळं घर जागतं. इथेही सुरुवात झोपेच्या सवयींपासूनच करायची असते. त्यानं भागलं नाही, तर डॉक्टर मेलाटोनिनचा विचार करतात.

मूल झोपावं म्हणून काहीतरी पाजण्याचा इतिहास भयंकर आहे. अमेरिकेत १८४९ पासून विकल्या गेलेल्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फीन होतं. मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन पाळीवर जात. पुढे अ‍ॅलर्जीवरचं प्रोमेथाझिनचं सिरप झोपेसाठी वापरलं जाऊ लागलं. दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यावर छापायला लावला.

मेलाटोनिन या पठडीतलं नाही. येल विद्यापीठातल्या आरॉन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने ते १९५८ मध्ये गाईगुरांच्या पिनियल ग्रंथींतून वेगळं केलं. तो शोधत होता त्वचेच्या रंगावर परिणाम करणारा पदार्थ. अंधार पडला की आपल्या मेंदूतली हीच ग्रंथी ते रक्तात सोडते. गुंगी आणण्यापेक्षा ‘रात्र झाली’ असं शरीराला कळवणं हे त्याचं मुख्य काम. म्हणून मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची.

युरोपीय संघाने २०१८ मध्ये स्वमग्न मुलांसाठी मेलाटोनिनच्या तीन मिलिमीटरच्या इवल्याशा गोळ्यांना मान्यता दिली. त्या औषध रात्रभर हळूहळू सोडतात. मात्र चावल्या किंवा कुटल्या तर तो गुण जातो. जे मूल काहीच गिळत नाही, किंवा ज्याला पोटातल्या नळीतून अन्न द्यावं लागतं, त्याच्यासाठी द्रवरूप औषध सोयीचं. त्याची मात्राही अर्ध्या मिलिलिटरने कमी-जास्त करता येते. पण मेलाटोनिन पाऊण तासात रक्तातून निम्मं होतं. त्यामुळे साध्या द्रवाने झोप लवकर लागेल. पहाटे तीनला उठून बसणाऱ्या मुलाला त्याचा फारसा उपयोग नाही.

आता बाकीच्या बाटलीकडे वळू. मेलाटोनिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा द्रावक घालावा लागतो. मोठ्यांचं शरीर तो सहज निकाली काढतं. तान्ह्या मुलाच्या यकृताची ती तयारी नसते. म्हणून युरोपीय औषध संस्थेने रोजच्या सावध मर्यादा घातल्या आहेत: महिन्याच्या आतल्या बाळाला किलोमागे १ मिलिग्रॅम, पाच वर्षांपर्यंत ५०, त्यापुढे ५००. समजा, औषधाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १५० मिलिग्रॅम द्रावक आहे आणि मूल तीन वर्षांचं, १२ किलोचं आहे. त्याची मर्यादा ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चार मिलिलिटरमध्येच ती गाठली. त्याच मुलाला फिट्सचं सिरपही चालू असेल आणि त्यातही हाच द्रावक असेल, तर दोन्हींची बेरीज धरायला हवी.

चवीचंही तसंच. कडू द्रव मूल थुंकून टाकतं, म्हणून गोडी हवी. साखर घातली तर दात घासून झाल्यावर, झोपेत लाळ कमी होत असताना, ती रात्रभर दातांवर राहते. सॉर्बिटॉल घातलं तर पोट ढाळतं. जंतू वाढू नयेत म्हणून काही घालावं, तर बेंझिल अल्कोहोलने नवजात बाळांचे जीव घेतल्याचं १९८२ मध्ये अमेरिकेत उघड झालेलं आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र सूत्राबाहेरचा. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांच्यासारखंच दिसणारं, गोडसर, स्वस्त आणि मूत्रपिंड निकामी करणारं डायइथिलीन ग्लायकॉल त्यांच्यात मिसळलेलं सापडतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. २०२५ मध्ये छिंदवाड्यातल्या खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल तब्बल ४८.६ टक्के निघालं. ते औषध घेतलेली तिथली कितीतरी मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली गेली. ही झोपेची औषधं नव्हती, पण द्रावकांचा बाजार एकच आहे. कारखान्यात येणारं प्रत्येक पिंप तपासणं, हाच त्यावरचा उपाय.

घरीही काही पथ्यं आहेत. मापाला स्वयंपाकघरातला चमचा नको, खुणा असलेली सिरिंज हवी. चिठ्ठीवर मात्रा मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्हींत लिहून घ्यावी. मूल घेत असलेलं दुसरं प्रत्येक सिरप डॉक्टरांना दाखवावं. आणि गमीच्या, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्यांच्या, आकर्षक डब्यावर विसंबू नये: अमेरिकेत २०२३ मध्ये तपासलेल्या मेलाटोनिनच्या २५ गमींपैकी २२ गमींतलं प्रमाण लेबलाशी जुळलं नाही, एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं.

एवढी काटेकोर तपासणी कशासाठी, याचं उत्तर फायद्याच्या आकड्यांत आहे. ब्रिटनमध्ये मेंदूच्या वाढीचे विकार असलेल्या १४६ मुलांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पालकांच्या नोंदींनुसार मेलाटोनिन घेणाऱ्या मुलांना झोप सुमारे ३७ मिनिटं लवकर लागली. एकूण झोप मात्र २२ मिनिटांनीच वाढली, कारण मुलं उठलीही लवकर. थकलेल्या आईबापांना ती ३७ मिनिटं मोलाची आहेत. पण कर्करोगाच्या औषधाचे दुष्परिणाम आपण सोसतो, कारण तिथे जीव वाचायचा असतो. अर्ध्या-पाऊण तासाच्या झोपेसाठी मुलाच्या यकृताला, मूत्रपिंडाला किंवा दातांनाही किंमत मोजायला लावण्याची मुभा कुणालाच नाही.